इंझोरीची धांव

वाशिम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्यांत इंझोरी नांवाचें गांव आहे. १९९८ पर्यंत हा मुलूख अकोला जिल्ह्यांत मोडत असे. भोंवतीं वऱ्हाडची काळी कसदार जमीन. कापूस, तूर आणि सोयाबीन हीं येथलीं मुख्य पिकें. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून ज्या कारंज्याची ख्याति आहे, तेथील गुरुमंदिराचें दर्शन घेऊन आम्ही इंझोरीस आमच्या एका आप्तांकडे चार दिवस राहिलों.

त्यांच्या धाकट्या सूनबाई यंदाच्या जानेवारींत मुंबईस प्रथमच मॅरेथॉन धांवल्या. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर! गांवांत कौतुक झालें, तें यथोचितच. परंतु दोन मुलांच्या या मातेस सरावाला सवड कोठून मिळाली, हें आम्हांस जाणून घ्यावयाचें होतें.

त्याचें उत्तर स्वयंपाकघरांत मिळालें. पांच महिने पहाटे चार वाजतां उठून मुलांचे डबे, दूध, चहापाणी हें सारें थोरल्या जाऊबाईंनीं सांभाळलें. धाकटे दीर पाण्याची बाटली घेऊन सायकलीनें मागोमाग जात. आजेसासूबाईंनीं आरंभीं, "सुनेनें उजाडण्यापूर्वीं रस्त्यावर धांवावें, हें कुठलें वळण?" म्हणून नापसंती दर्शविली, पुढें त्याच तिला हांक मारून उठवूं लागल्या व ती परत येईपर्यंत ओसरीवर जपमाळ घेऊन बसूं लागल्या. फाट्यावरचा चहावाला म्हणे, "वहिनी, कुत्र्याईले भेऊ नका, मी हाये ना!" मुंबईंत तर रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनीं पाणी आणि संत्र्याच्या फोडी पुढें केल्या.

हा प्रकार आजचा नव्हे. १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथील मॅरेथॉनमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले धांवले, तसेच सदाशिव दातारही धांवले. त्या वर्षींची वाट नेहमींपेक्षां लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटर होती. चौगुले २ तास ५१ मिनिटांच्या आंत ती पुरी करून एकोणिसावे आले. दातारांस ती पुरी करतां आली नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे गडी पाहून दोराबजी टाटा यांनीं त्यांस परदेशीं धाडण्याचें मनावर घेतलें व खर्चाचा भारही उचलला. चौगुल्यांचा क्रमांक नोंदला गेला, टाटांचें नांव राहिलें. परंतु प्रत्येक धांवणाऱ्यामागें भाकरी थापणारे हात असतातच. निकालाच्या तक्त्यांत त्यांस रकाना नसतो.

आपल्या घरांतून आप्तांचे आभार मानणें परकेपणाचें समजतात, आणि तें एका अर्थीं खरेंही आहे. तथापि 'कृतज्ञ' या शब्दाची फोड करून पाहावी. केलेलें जो जाणतो तो कृतज्ञ. येथें बोलण्याचा उल्लेख नाहीं, जाणण्याचा आहे. आभार न मानले तरी एकवेळ चालेल. न जाणलें तर चालणार नाहीं. एकत्र कुटुंबांत सर्वांचें काम सर्वांचेंच मानलें जातें, आणि म्हणूनच तें कोणीं केलें हें दिसेनासें होतें. आमच्या मुक्कामांत ग्रामस्थांनीं सूनबाईंस शालश्रीफळ दिलें, तेव्हां जाऊबाई आंत पंचवीस माणसांचा चहा गाळीत होत्या, आणि बाहेर त्यांचें नांव कोणीही काढलें नाहीं.

सूनबाईंच्या तें ध्यानांत आलें असावें. दुसऱ्या दिवसापासून चूल त्यांनीं पेटविली. "पांच महिने माझी पाळी तुम्हीं केली, आतां पांच महिने तुमची पाळी माझी. सहापर्यंत निजून राहा," असें त्यांनीं जाऊबाईंस बजाविलें. अनोळखी माणसांचें ऋण मात्र असें फेडतां येत नाहीं. त्यासाठीं पुढील वर्षीं आपण न धांवतां वाटेवर पाण्याचे पेले घेऊन उभें राहावयाचें त्यांनीं ठरविलें आहे. आमच्या मतें हा संकल्प त्या ४२ किलोमीटरांहून कमी मोलाचा नाहीं.