सुमारगडाची वाट

भात झोडून कणगीत पडले, पेंढ्याची उडवी रचून झाली की कोकणातल्या शेतकऱ्याला आठ-पंधरा दिवसांची उसंत मिळते. कुळीथ-पावटा पेरलेला असतो आणि आंब्याला मोहोर यायला अवकाश असतो. अशा दिवसांत आम्ही चार मित्र दरसाल एखादा डोंगर चढून यायचो. २००९ साली ही उसंत उशिरा मिळाली. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला फयान वादळ आले आणि कापून पसरलेले भात शेतातच भिजले. ते वाळवता वाळवता महिना सरत आला. मार्गशीर्ष लागला तेव्हा कुठे मास्तरांचा निरोप आला, "यंदा सुमारगड."

घरून विचारणा झालीच, "त्या डोंगरात तुमचं काय पुरून ठेवलंय?" या प्रश्नाला मला आजवर उत्तर सापडलेले नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, पूर्वेला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी एक डोंगररांग दक्षिणोत्तर गेली आहे. दोन्हींच्या मधून जगबुडीचे खोरे. या रांगेवर तीन किल्ले आहेत. दक्षिणेला रसाळगड, उत्तरेला महिपतगड आणि दोहोंच्या मध्ये सुमारगड. शिवाजी महाराजांनी १६५६ साली मोऱ्यांकडून जावळी घेतली, तिच्या शेजारचाच हा मुलूख. रसाळगडाला माणसांची ये-जा असते. वाडी अगदी गडाला चिकटून आहे, वर झोलाई देवीचे देऊळ आहे आणि गडभर पंधरा-सोळा तोफा पडल्या आहेत. महिपतगडाचा पसारा मोठा, सव्वाशे एकरांच्या आसपास. त्याला सहा दरवाजे आणि वर पारेश्वराचे देऊळ. सुमारगडाकडे मात्र फारसे कोणी फिरकत नसे. तिथे ना जत्रा, ना वाट. मास्तरांना म्हणूनच तो हवा होता.

आम्ही चौघे म्हणजे मास्तर, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर, माझा चुलतभाऊ आणि मी. रात्र झोलाईच्या देवळात काढली. सकाळी सातला निघालो. जवळ एक कोयता, टाक्यातले पाणी काढायला काथ्याची दोरी, भाकऱ्या आणि माणशी दोन बाटल्या पाणी. दहाच्या सुमाराला एका धनगरवाड्यावर पोचलो. पाच घरांचा वाडा, पण धूर दोनच घरांतून निघत होता. बाकीच्या तिघांना कुलपे. एका ओट्यावर रानमोडी उगवली होती.

अंगणात एक म्हातारबाबा म्हशीजवळ बसले होते. आम्ही सुमारगडाची वाट विचारली. त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"वाट कसली आता, पाव्हनं? गुरं जायची तवा वाट व्हती. म्या आलो असतो, पर म्हस आज-उद्या व्यायला झालीया. एक करा. धार सोडू नका. डाव्या अंगाला ओहळ लागंल, त्यात उतरू नका. आन् वर पोचलात की हाळी द्या. मला हितं ऐकू येती."

इतके स्पष्ट सांगितले होते. तरी चूक झाली, आणि ती माझ्यामुळे झाली.

वाड्यापासून अर्धा तास गेलो आणि कारवी सुरू झाली. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. त्या उतारावरची फुलून गेलेली होती. पुरुषभर उंचीच्या वाळक्या काठ्या, हाताने बाजूला केल्या की परत तोंडावर येणाऱ्या. त्यांच्यामधून करवंदीच्या जाळ्या. जिथे कारवी नाही तिथे वादळाने आडवे केलेले गवत, आणि त्याखाली दगड आहे की खड्डा आहे ते पाय टाकल्याशिवाय कळत नव्हते. विजारीत कुसळे इतकी भरली की ड्रायव्हर म्हणाले, आता ही विजार घरी उभी करून ठेवता येईल. मध्येच एक छान बोगद्यासारखी वाट सापडली. पाच मिनिटे ओणवे होऊन चाललो, मग रांगायची वेळ आली, तेव्हा लक्षात आले की ही डुकरांची वाट. गव्याच्या वाटेने माणूस उभा जाऊ शकतो, डुकराच्या वाटेने नाही.

दुपारचे दोन वाजले. गड समोर दिसत होता आणि जवळ येत नव्हता. डावीकडे ओहोळ होता, कोरडा, स्वच्छ, धुतल्यासारखा कातळ. मी म्हणालो, "याने थोडे खाली जाऊन पुढच्या खांद्याने वर चढू." मास्तर नको म्हणत होते. मी हट्ट धरला.

कोकणातला ओहोळ पायऱ्यांनी उतरतो हे मला काय ठाऊक नव्हते? पावसाळ्यात तिथे धबधबेच असतात. पहिली पायरी कंबरेएवढी. दुसरी डोक्याएवढी. तिसरीवरून आम्ही चक्क घसरत उतरलो, आणि चार पावलांवर कातळ संपला. खाली पन्नास-साठ फूट सरळ कडा. मागे वळलो, तर ज्या पायरीवरून घसरलो ती शेवाळाने बुळबुळीत. पाय ठरेना. दोन्ही बाजूंना उभी भिंत. कुणीच काही बोलले नाही. चुलतभावाने फक्त पाण्याच्या बाटल्या मोजल्या. दोन भरलेल्या उरल्या होत्या.

शेवटी ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे राहिले, त्यांच्या खांद्यावर चुलतभाऊ चढला, एका उंबराच्या मुळाला धरून वर गेला आणि काथ्याची दोरी खाली सोडली. मास्तरांचे वय तेव्हा एकसष्ट. त्यांना वर घेताना दोरीने चुलतभावाच्या तळहाताची साल निघाली. सगळ्यात शेवटी मी. धारेवर परत आलो तेव्हा दिवस बुडाला होता. पौर्णिमेला तीन-चार दिवस उरले होते म्हणून चांदणे होते, पण कारवीच्या आत चांदणे उतरत नाही. आम्ही तिथेच बसलो. मी मास्तरांकडे बघत नव्हतो.

तासाभराने लांबून हाळी ऐकू आली. आम्ही चौघांनी एकदम उत्तर दिले. मग बॅटरीचा उजेड हलत हलत आला.

"हाळी आली न्हाई, तवाच म्हनलं, गेलं ओहळात," एवढेच बाबा बोलले.

त्या रात्री त्यांच्या घरी नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी खाल्ली. म्हस मध्यरात्री व्याली. बाबा आणि त्यांची घरधनीण कंदील घेऊन गोठ्यातच होती. म्हणजे हा माणूस अडलेली म्हस घरात टाकून आम्हाला शोधायला आला होता. सकाळी आजींनी चिकाचा खरवस पुढे ठेवला. तो घास घशाखाली उतरताना मला काय वाटले ते लिहिता येत नाही.

खरवस खाताना बाबा सांगत होते. पूर्वी वाड्यावर गुरे पुष्कळ. ती रोज गडाच्या अंगाने चरायला जायची, बायका तिकडूनच मोळ्या आणायच्या, पोरे मागून जायची. वाट कुणी काढली नव्हती, ती पडली होती. मग मुलांच्या शाळेसाठी एकेक घर खाली रस्त्याला गेले, कुणी मुंबई धरली. गुरे विकली. तीन पावसाळे कुणी गेले नाही की कारवी वाट गिळते. मला आमच्याच गावाची गोठणीकडे जाणारी पाखाडी आठवली. दोन्ही बाजूंचे गडगे शाबूत आहेत, आणि मधे घाणेरी माजली आहे.

बाबा आम्हाला घेऊन निघाले. जिथे आम्ही आदल्या दिवशी कोयता चालवत होतो तिथून ते नुसते चालत गेले. खाली बघत नव्हते. "त्यो ऐन उजवा घालायचा," म्हणायचे, किंवा "हितं जांभळीखाली गुरं बसायची." एके ठिकाणी त्यांनी मला थांबवले आणि वहाणा काढून उभे राहायला सांगितले.

"घट लागतंय न्हवं? ही वाट. हिकडं पाय टाका. मऊ लागतं, ते रान."

खरेच, गवताखाली वाट होती. कित्येक वर्षांच्या खुरांनी दाबलेली माती तशीच होती. आदल्या दिवशी आम्ही तिच्यावरून दोनदा आडवे गेलो असणार.

शेवटचा कातळ हातापायांनी चढून साडेअकराला गडावर पोचलो. सुमारगडावर पाहायला फार काही नाही. कातळात खांब सोडून खोदलेली पाण्याची टाकी आहेत. टाक्यातले पाणी इतके गार की दात शिवशिवले. पूर्वेला जगबुडीच्या खोऱ्यापलीकडे मकरंदगडाचे खोगीर, उत्तरेला महिपतगडाचा रुंद माथा, दक्षिणेला रसाळगड. मास्तर बराच वेळ तिथे बसून राहिले. तिथे बसल्या बसल्या ते माझ्याशी पुन्हा बोलू लागले, तेही टाक्याच्या खोलीबद्दल. बाबांनी तोंडाभोवती हात धरून हाळी दिली. खालून आजींची बारीक हाळी परत आली.

महिपतगड त्या खेपेला राहिला. परतताना आम्ही बाबांच्या हातावर काही पैसे ठेवू लागलो, तर ते रागावले. मग म्हणाले, "द्यायचंच असंल तर त्यो कोयता द्या. घरी तुमच्याकडं दुसरा असंल. सवड गावली की वरली वाट जरा मोकळी करतो. कोन आलं-गेलं तर."

२०१२ च्या मार्गशीर्षात मी आणि चुलतभाऊ पुन्हा गेलो, बाबांसाठी नवे घोंगडे घेऊन. वाड्यावर एकच धूर होता, तो शेजारच्या घराचा. बाबांच्या दाराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, पाय चालेना म्हणून मुलाने दोघांना खाली नेले. म्हशी विकल्या. घोंगडे तिच्यापाशी दिले.

मग आम्ही वर गेलो. वाट कापलेली होती. दोन माणसे बरोबरीने चालतील इतकी रुंद, कारवीचे बुंधे जमिनीलगत तिरके छाटलेले, दगड उचलून कडेला लावलेले. ऐनापर्यंत होती, ओहोळाच्या तोंडाशी आडव्या फांद्या टाकून तो बंद केलेला होता. त्या जांभळीच्या पुढे आणखी पन्नासेक पावले होती. तिथून पुढे कारवी.

आम्ही आमचा कोयता काढला.