गाठीजवळचे चार इंच

पूर्व कॅन्ससमध्ये शेतांच्या बांधांवर वेड्यावाकड्या, काटेरी झाडांच्या रांगा दिसतात. झाडाचं नाव ऑसेज ऑरेंज. इथले शेतकरी नुसतं ‘हेज’ म्हणतात. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं, त्याआधी गुरं अडवायला हीच झाडं दाट लावत. लाकूड गर्द पिवळं, जड, आणि कठीण असूनही वाकणारं. शोधप्रवासी मेरिवेदर लुईसने १८०४ मध्ये सेंट लुईसहून या झाडाच्या फांद्या राष्ट्राध्यक्ष जेफरसनला पाठवल्या. सोबतच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की धनुष्यासाठी या लाकडाच्या शोधात मूलनिवासी शेकडो मैलांवरून येतात.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणते. त्यांच्या गॅरेजमध्ये छताला हेजचे उभे चिरलेले दांडे टांगलेले असतात, टोकं रंगाने बंद करून वर्षानुवर्षं सुकवलेले. त्यातला एक त्यांनी मला काढून दिला आणि हिवाळाभर दर शनिवारी धनुष्य घडवायला शिकवलं.

ओबडधोबड आकार लवकर निघाला. साल गेली, सालीखालचा पांढरा थर गेला, मग पाठ साफ करायची. बाण सोडताना समोर राहते ती पाठ, आपल्याकडे राहतं ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठीवर एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. ते मध्ये कापलं गेलं तर धनुष्य तिथूनच चिरतं. म्हणून पाठ एकदा झाली की तिला पुन्हा हत्यार लावायचं नाही. पुढचं सगळं तासणं पोटाकडून.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्याला टिलरिंग म्हणतात. मुठीच्या वरची आणि खालची, अशा दोन्ही भुजा एकसारख्या आणि आपल्या पूर्ण लांबीत वाकायला लावायच्या. आजोबांनी भिंतीला एक आधार ठोकला आहे. त्यावर मूठ टेकवायची, दोरीला आकडा अडकवायचा, आकड्याला ताणकाटा, आणि खालच्या कप्पीतून आलेला दोर धरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. तिथून दोर ओढत राहायचं आणि बघायचं. पहिल्या दिवशी मला दोन्ही बाजूंना छान कमान दिसत होती. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, उलटा करून माझ्यापुढे धरला, आणि वरची भुजा एका जागी मोडल्यासारखी वाकतेय हे लगेच दिसलं. मुठीपासून हातभर अंतरावर एक गाठ होती. तिच्या पलीकडचे चार इंच बाकीच्या भुजेपेक्षा जास्त वाकत होते.

“आता या चार इंचांना हातसुद्धा लावायचा नाही,” आजोबा म्हणाले. “बाकी सगळं त्यांच्या पातळीला आण.”

दुबळ्या जागेची डागडुजी करायची सोय इथे नाही, कारण तासलेलं लाकूड परत लावता येत नाही. एकत्र कुटुंबात जो आधी वाकतो त्याच्यावरच सगळ्यांचा भार पडतो, तसंच इथेही. त्याला वाचवायचं तर जे ताठ बसलेत त्यांना वाकायला लावायचं. तसं केलं नाही तर त्या जागी पोटाचे तंतू चुरडतात आणि दोरी उतरवल्यावरही भुजा पूर्ण सरळ होत नाही. म्हणूनच आजोबांचा नियम कडक होता. दोष दिसला की दोर तिथेच थांबवायचा, आणि ठरलेल्या ताकदीपलीकडे एकदाही ओढायचं नाही.

ताठ जागा शोधायला त्यांच्याकडे वीतभर लाकडाचा ठोकळा आहे, मधोमध भोक पाडून पेन्सिल खोचलेला. धनुष्य ओढून अडकवून ठेवायचं आणि ठोकळा पोटावरून सरकवायचा. भुजा जिथे नीट वाकली आहे तिथे मधे पोकळी राहते, पेन्सिल टेकत नाही. ताठ जागी मात्र रेघ उमटते. मग धनुष्य शेगड्यात धरून त्या रेघा तेवढ्या पुसल्या जाईपर्यंत पोलादी स्क्रेपरने खरवडायचं. कागदाहून पातळ पिवळी सालपटं निघतात. एवढ्याने काय होणार, असं वाटे. पण ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दहाव्या हिश्श्याने कमी केली तर ताठरपणा पावहिश्शाहून जास्त घटतो. शिवाय लाकूड लगेच कबूल होत नाही. प्रत्येक खरवडण्यानंतर वीस-तीस वेळा थोडंथोडं ओढायचं, तेव्हा कुठे झालेला फरक दिसतो.

खालच्या भुजेने वेगळाच पेच घातला. ती मुळातच टोकाकडे पाठीच्या बाजूला झुकलेली. त्यामुळे ओढल्यावरही सरळ, म्हणजे ताठ वाटायची, आणि ठोकळाही तिथे रेघ मारायचा. आजोबांनी न ओढलेल्या धनुष्याची कड भिंतीवर आखून ठेवली होती. त्या रेघेपासून भुजा किती हलली ते पट्टीने मोजलं, तर ती वरच्या भुजेइतकीच वाकत होती. नुसत्या आकारावर गेलो असतो तर तिला नाहक पातळ केलं असतं. उलट खालची भुजा किंचित ताठच ठेवतात, कारण बाण मुठीच्या वरून जातो आणि हाताचा दाब खाली पडतो. दोरी चढवल्यावर दोन्ही भुजांच्या बुडाशी दोरीचं अंतर मोजायचं. वरचं आठवा हिस्सा इंच जास्त आलं की पुरे.

गॅरेजमध्ये ओत्झीच्या धनुष्याचं चित्र लावलेलं आहे. १९९१ मध्ये आल्प्समधल्या बर्फात सापडलेला हा माणूस सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळचं यू लाकडाचं, १.८२ मीटरचं धनुष्य अर्धवटच होतं. तासल्याच्या खुणा त्यावर अजून स्पष्ट आहेत, दोरीसाठी खाचाही पाडलेल्या नाहीत. माझ्या लाकडावरच्या ओरखड्यांशी मी ते चित्र बरेचदा ताडून पाहिलं.

माझं धनुष्य ६६ इंचांचं, ओढ २६ इंच, आणि ताकद ३५ पौंड ठेवायची असं ठरलं होतं. खालच्या भुजेचं झुकलेलं टोक सोडून ठोकळा कुठेच रेघ मारेना तेव्हा काटा ३३ वर थांबला. “ताकद तू नाही ठरवलीस,” आजोबा म्हणाले, “त्या चार इंचांनी ठरवली.” वीस यार्डांवरच्या गवताच्या गठ्ठ्याला त्या दोन पौंडांचा काही फरक पडत नाही. माझ्या खांद्याला पडतो, आणि तो माझ्याच फायद्याचा.