एकतिसावं पोर



आज कुणा मंत्र्यावर नाही, स्वतःवर लिहितोय.

इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या कडेला आमचं गाव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, शिष्यवृत्तीवर आयटीआय केलं आणि बारामतीच्या एमआयडीसीत लागलो. गेल्या वर्षी जूनमध्ये मुलगी आणि मुलगा, दोघांना गावच्या शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घातलं. पिवळी बस वस्तीच्या कमानीपाशी येते. ती आली की छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

यंदा जयंतीच्या वर्गणीची बैठक विहारात भरली होती. डीजेचा आकडा ठरत होता. माझी चुलती, आम्ही तिला नानी म्हणतो, शाळा व्यवस्थापन समितीत आहे. ती उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाळा, तुझी दोन पोरं गेली आन् शाळंचं पंधरा हजार गेलं."

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना विचारलं. हिशोब सोपा आहे. समग्र शिक्षा अभियानात शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान पटावर मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार रुपये, ३० च्या वर गेला की २५ हजार. आमच्या शाळेचा पट होता ३१. माझी दोन पोरं वजा केली की २९.

दहा हजारांत वर्षभराचे खडू, वीजबिल, संडासची सफाई, नळाची दुरुस्ती. माझ्या एका पोराच्या बसचं वर्षाचं भाडं त्याहून जास्त आहे. आणि त्या बैठकीत एका रात्रीच्या डीजेला आम्ही जे कबूल केलं होतं, तेही.

आता कुणी म्हणेल, पोरंच नाहीत तर पैसे कशाला? इथंच मेख आहे. दोन पोरं कमी झाली म्हणून वीजबिल कमी येत नाही, छत गळायचं थांबत नाही. पट घटला की पैसा घटतो, पैसा घटला की शाळा ओस दिसते, ओस दिसली की आणखी एक बाप पोर काढतो. मग कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा सुरू होते. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा विषय शासनानं काढला, त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण पुढं केलं. पण ऊसतोडीला गेलेल्या आईबापाची पोरगी कालवा आणि हमरस्ता ओलांडून रोज दुसऱ्या गावाला जाईल का? ती घरी बसेल, मग तिचं लग्न लागेल.

शाळा सोडून आधी गेली ती बागायतदारांची पोरं. मग नोकरदारांची. शेवटी आमच्यासारख्यांची, ज्यांना बाबासाहेबांमुळे चार पैसे मिळाले. मागे उरली मजुरांची, पारध्यांची, कोपीतली. म्हणून पटाची कात्री ही नुसती हिशोबाची कात्री नाही. ती कुणावर चालते ते बघा.

१२ मार्च १९२७. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठ दिवस होते. बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करतं आणि दारूच्या महसुलातून माणशी दोन रुपयांहून जास्त घेतं, निदान तेवढं तरी शिक्षणावर खर्चा, असा त्यांचा मुद्दा होता. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, हेही त्यांनी दाखवलं. पाण्याचा हक्क आणि शाळेचा पैसा, दोन्ही लढाया एकाच महिन्यातल्या. आपण पहिली दरवर्षी आठवतो, दुसरी विसरलो.

मागणी साधी आहे: पट कितीही असो, शाळा चालवायला लागतो तेवढा किमान निधी मिळालाच पाहिजे. पण मागायला आपण तिथं हजर हवं. शिक्षण हक्क कायद्यानं व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि शाळेचा विकास आराखडा ही समितीच बनवते. ग्रामपंचायतीनं उत्पन्नातले १५ टक्के आणि जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. त्यातलं वस्तीतल्या पोरांच्या शिक्षणावर किती गेलं, हे ग्रामसभेत विचारा. ज्याचं पोर त्या शाळेत नाही, त्याचा आवाज तिथं चढत नाही. माझा चढला नाही.

घरी वाद झाला. बायको म्हणाली, "भाषणं तुम्ही करा, पोरांवर प्रयोग नको." तिचं चुकीचं नाही. चार इयत्तांना दोन शिक्षक, त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की उरला एक. मीही घाबरूनच पोरं काढली होती. शेवटी असं ठरलं: मुलगी यंदा पाचवीला जाईल, ती आहे तिथंच राहील. मुलगा जूनमध्ये तिसरीला परत गावच्या शाळेत. मी समितीच्या प्रत्येक सभेला जाणार. डीजेच्या पैशातले निम्मे शाळेच्या वाचनालयाला, हेही नानीनं बैठकीत मंजूर करून घेतलं. पण वर्गणी म्हणजे अनुदान नव्हे. सरकारची जबाबदारी आपण अंगावर घ्यायची नाही.

माझा मुलगा परत आला की पट होईल ३०. म्हणजे अजूनही दहा हजारच.

एकतिसावं पोर कुणाच्या घरातून येणार?

जय भीम.