रात्री बांधून घ्या, दिवस मोकळे सोडा

व्हिएन्ना, जानेवारी

ती. मामा व मामी यांस,


मामा, दौऱ्याचा तुमचा तक्ता नीट बसून पाहिला. पॅरिसहून झुरिक रात्रीची गाडी, झुरिकहून व्हिएन्ना रात्रीची, पुढे व्हेनिस रात्रीची, रोमही रात्रीच. आणि प्रत्येकीसमोर 'हॉटेल: शून्य'. खाली वाचलेल्या पैशांची बेरीज. बेरीज बरोबर आहे, पण ती ज्यावर उभी आहे ते गृहीतच चुकीचं आहे. युरेल पास म्हणजे गाडीभाडं. झोपायची जागा त्यात येत नाही. रात्रीच्या गाडीत पास असला तरी आरक्षण वेगळं करावं लागतं आणि त्याचे पैसेही वेगळे पडतात. नुसत्या सीटचे कमी, कूशेतचे, म्हणजे सामायिक कप्प्यातल्या बर्थचे, त्याहून जास्त आणि स्लीपरचे, म्हणजे स्वतंत्र खोलीचे, त्याच्याही बरेच वर. दोघांच्या स्लीपरला कधी कधी साध्या हॉटेलाइतके लागतात. त्यातून सकाळी रोमला उतरलात की खोली मिळते दुपारी, तोवर बॅगा कुठेतरी ठेवून फिरायचं. तेव्हा त्या शून्यावर फार विसंबू नका.

आपल्याकडच्या सवयी इथे थोड्या विसराव्या लागतात. इथे आरएसी नाही, वेटिंग नाही, तत्काळ नाही. चार्ट लागल्यावर नशीब उघडेल म्हणून आशेवर बसायची सोय नाही. पासवाल्यांसाठी ठरावीक बर्थ ठेवलेले असतात. ते संपले की गाडीत जागा दिसत असूनही पासाच्या दराने मिळत नाही. मग पूर्ण तिकीट काढा नाहीतर तारीख बदला. आणि बर्थ आहेतच कमी. जर्मन रेल्वेने २०१६च्या अखेरीला आपल्या शयनगाड्या बंद केल्या, तेव्हा त्यातल्या काही मार्गांवर ऑस्ट्रियन रेल्वेने 'नाइटजेट' नावाने गाड्या चालवायला घेतल्या. पुढे विमान टाळणारी माणसं वाढली, तरुण पोरं हौसेने रात्रीच्या गाडीने फिरू लागली, पण नवे डबे काही त्या वेगाने आले नाहीत. उन्हाळ्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या गाड्या म्हणूनच लवकर भरतात.

म्हणून माझं सांगणं उलट आहे. आधी रात्री ठरवा, त्याही मोजक्याच, आणि त्यांचं आरक्षण तारखा उघडताच करून टाका. दिवस मोकळे राहू द्यात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये दिवसाच्या बहुतेक गाड्यांना पासवाल्याला आरक्षण सक्तीचं नाही. सकाळी पाऊस दिसला तर दुपारची गाडी धरा, कोणी विचारणार नाही. पासाचं खरं सुख हेच आहे, आणि तुम्ही तर तक्त्यात मिनिटांचासुद्धा हिशोब मांडलाय! फ्रान्सची टीजीव्ही आणि इटलीची फ्रेच्चारोसा मात्र दिवसाही आरक्षणाशिवाय घेत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

आता तुमचा मार्ग घेऊ. पॅरिस ते झुरिक जेमतेम चार तासांचा प्रवास, तो दिवसाचाच. झुरिक ते व्हिएन्ना रात्रीची गाडी आहे, पण ती घेऊ नका, मी भांडेन! दिवसाच्या रेलजेटने आठेक तास लागतात आणि वाटेत आर्लबर्ग येतो. १८८४ साली खुला झालेला दहा किलोमीटरहून लांब बोगदा, अलीकडे-पलीकडे दरीच्या कडेने चढणारी गाडी. खंडाळ्याच्या घाटात दरवाजात उभं राहण्यावरून मामीची बोलणी खाणाऱ्या माणसाने हे झोपेत घालवायचं? व्हेनिसला जायचंच असेल तर तेही दिवसा. व्हिएन्नाहून दक्षिणेला निघालं की सेमेरिंगचा घाट लागतो, १८५४ साली कार्ल फॉन गेगाने बांधलेला, दगडी कमानींचे दुमजली पूल असलेला. युनेस्कोने १९९८ मध्ये तो जागतिक वारशात घेतला. तो पाहून माझ्याकडे परत या, कारण रोमची रात्र इथूनच धरायची आहे.

व्हिएन्ना ते रोम ही रात्र मात्र पैसे मोजण्यासारखी आहे. संध्याकाळी बसायचं, सकाळी रोम. पासाचे दिवस मोजायची रीत इथे तुमच्या बाजूची आहे. चौदा तारखेला संध्याकाळी निघून पंधराला सकाळी थेट उतरलात तर पासावर फक्त चौदा तारीख खर्च होते. मध्यरात्रीनंतर गाडी बदललीत किंवा रोमला उतरून पुढची गाडी पकडलीत तर मात्र पंधराही गेली. उलट चौदाचा दिवस तुम्ही मोजलेलाच आहे, तर सकाळी त्याच पासावर मेल्कला जाऊन तिथला मठ आणि डॅन्यूब पाहून या. महिन्यातले सात दिवस असा तुमचा पास आहे; सात दिवस भरभर संपतात.

आता मामीच्या गुडघ्याचा प्रश्न. दोघांच्या स्लीपरमध्ये खोली तुमचीच आणि हात धुवायला बेसिन आतच, पण एक बर्थ वर, एक खाली. शिडी तुम्हालाच चढायची. चारजणांच्या कूशेतमध्ये खालचे दोन्ही मागता येतात, मात्र वरच्या बर्थवर अनोळखी माणसं आणि कप्पा मिश्र. फक्त बायकांचा कप्पाही मागता येतो, पण मग तुम्ही दुसरीकडे. मी म्हणते स्लीपर घ्या. सकाळी न्याहारीही मिळते, यादीतून सहा गोष्टी निवडायच्या. शाकाहारी माणसाचं पाव, लोणी, जॅम, चीज यांत भागतं. रात्रीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणा, पण माझ्यासाठी म्हणून कंदी पेढे आणू नका. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. पेढे कस्टमवाल्यांच्या टोपलीत गेलेले मला बघवणार नाहीत.

दुसरी रात्र रोम ते पालेर्मो. ही तुमच्या तक्त्यात नव्हती, मी घातली आहे. इटलीचं टोक संपलं की विला सान जोव्हान्नीला गाडी थांबते, डबे कापून तुकड्यातुकड्याने जहाजाच्या पोटात ढकलतात आणि मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे पुन्हा जोडतात. माणसं बर्थवरच राहू शकतात. तुम्ही अर्थातच डेकवर जाल. परत येताना दिवसाची इंटरसिटी घ्या, तीही अशीच जहाजातून येते, म्हणजे मामीलाही उजेडात पाहता येईल.

मी तुमच्याबरोबर रोमपर्यंत यायचं म्हणते, पण माझा पास वेगळा. मी इथली रहिवासी, म्हणून मला इंटररेल. युरेल युरोपाबाहेर राहणाऱ्यांना. पासपोर्ट भारताचा असला तरी बघतात ते राहण्याचं ठिकाण. आणि इंटररेलवर स्वतःच्या देशात जाण्याचा एक आणि येण्याचा एक एवढाच प्रवास मिळतो, त्यामुळे मेल्कच्या तिकिटाचे मी वेगळे भरीन.

पास घेताना साठीवरच्यांना दहा टक्के सूट मिळते, ती तुम्हाला नक्की बसेल. मामीचं जन्मवर्ष तुम्हीच सांगा, मी विचारून वाईटपणा घेणार नाही. पास फोनवर येतो आणि त्याचं अ‍ॅप दर तीन दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, तेव्हा इथलं सिमकार्ड पहिल्याच दिवशी घेऊ. रोमच्या गाडीचं आरक्षण मी ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवरून करते. तिथे सवलतीच्या रकान्यात पास आहे असं आधी निवडावं लागतं, नाहीतर पूर्ण भाडं दाखवते. बऱ्याचदा हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तारीख पक्की झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. व्हिसाची तारीख मिळाली की लगेच कळवा, आणि शक्यतो मंगळवार-बुधवारची रात्र सांगा.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
मनू