कात्रीने कापलेली स्ट्रिप

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी निफाडकडचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन घरी आले. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मुलगा अठरा वर्षांचा, आठशे मीटर पळणारा. वडिलांनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. प्रोटीन पावडरचा डबा, चिठ्ठी नसलेली चूर्णाची बरणी, ताकदीच्या म्हणून घेतलेल्या कॅप्सूल. आणि शेवटी गोळ्यांची एक स्ट्रिप, चार गोळ्या शिल्लक असलेली. ती कात्रीने अशी कापली होती की औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि मुदत छापलेला भाग नेमका गेला होता. उरली होती ती कडेची लाल रेघ. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायचं नाही, याची ती खूण.

“मॅडम, यातलं पोराला काय चालतं आणि काय नाही, तेवढं सांगा,” वडील म्हणाले. मध्येच त्यांना फोन आला म्हणून ते गॅलरीत गेले. तेवढ्यात मुलाने हळूच विचारलं, “मॅडम, हे तपासणीत दिसतं का?”

‘अपाय होतो का’ असं त्याने विचारलं नाही. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून संपादकांनी या अंकासाठी ‘उत्तेजकांचा डाग लागलेले खेळाडू’ हा विषय सुचवला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्यांच्या मनात अमेरिकेतल्या बेसबॉलचा अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ होता. त्याच्याकडे मी येईनच, पण आधी एक शब्द साफ करू द्या, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

स्टेरॉइड हे एका औषधाचं नाव नाही, एका रासायनिक घराण्याचं नाव आहे. कार्बनच्या चार कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, तो या घराण्याचा चेहरा. कोलेस्टेरॉल त्यातलंच, स्त्रियांची आणि पुरुषांची संप्रेरकं त्यातलीच, गर्भनिरोधक गोळ्यांमधली द्रव्यंही त्यातलीच. दम्याच्या पंपात असतं ते कॉर्टिकोस्टेरॉइड सूज उतरवतं. स्नायू वाढवणारं असतं ते अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉनची नातलग मंडळी. बातम्यांत दोघांना एकच शब्द वापरतात. त्यामुळे धाप लागलेल्या लेकराची आई पंप घ्यायला नाही म्हणते, आणि त्याच गावात वजन वाढावं म्हणून डेक्सामेथासोन या कॉर्टिकोस्टेरॉइडच्या गोळ्या पोरं बिनदिक्कत खातात. वीस वर्षं हे वर्गात आणि वर्गाबाहेर सांगते आहे. आता थकवा येतो, तरी सांगायचं सोडणार नाही.

आता आपल्या नाशिककडे येते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं आणि या जिल्ह्याला लांब पल्ल्याच्या धावण्याचं वेड लागलं. तिच्या मागोमाग संजीवनी जाधव आली. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य, त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य. आम्हा नाशिककरांना ती घरची लेक वाटायची. मग २०१८ च्या जूनमध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडलं. तिला २ वर्षांची बंदी झाली आणि २०१९ मध्ये दोहात मिळवलेलं आशियाई कांस्यही गेलं.

त्या दिवसांत मला जो भेटेल तो म्हणे, “संजीवनीने स्टेरॉइड घेतलं म्हणे.” मी प्रत्येकाला सांगायची की प्रोबेनेसिड स्टेरॉइड नाही. त्याने स्नायूही वाढत नाहीत आणि दमही वाढत नाही. तरी ते बंदीच्या यादीत का आहे, हे समजायला मूत्रपिंडात थोडं शिरावं लागेल.

मूत्रपिंड रक्त नुसतं गाळत नाही. त्याच्या बारीक नलिकांच्या भिंतींत वाहक प्रथिनं असतात. शरीराला नको असलेले काही पदार्थ ती रक्तातून उचलून लघवीत टाकतात. १९४०च्या दशकात पेनिसिलिन इतकं दुर्मीळ होतं की रुग्णाच्या लघवीतून ते परत मिळवलं जाई, कारण ही वाहक प्रथिनं ते झपाट्याने बाहेर फेकत. मग संशोधकांना वाटलं, या वाहकांची वाटच अडवली तर? त्या शोधातून प्रोबेनेसिड निघालं. ते वाहकांना अडवून धरतं, पेनिसिलिन रक्तात जास्त वेळ टिकतं. पुढे पेनिसिलिन मुबलक झालं आणि हे औषध गाउटसाठी, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधे धरतात त्यासाठी वापरात राहिलं. शरीराने मोडतोड केलेली स्टेरॉइडंही थोडीफार याच वाटेने बाहेर पडतात. प्रोबेनेसिड घेतलं तर ती लघवीत कमी उतरतात. म्हणून त्याला झाकणारं औषध म्हणतात.

माझ्या विषयातला हा सगळ्यात विलक्षण किस्सा आहे, म्हणून तोही सांगते. १९८८ च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत पेद्रो देल्गादोच्या लघवीत हेच प्रोबेनेसिड सापडलं. ऑलिम्पिक समितीने त्यावर बंदी घातलेली होती, सायकलिंगच्या यादीत मात्र ते अजून आलेलं नव्हतं. देल्गादोला शिक्षा झाली नाही. त्याने शर्यत जिंकली आणि ते विजेतेपद आजही त्याच्याच नावावर आहे. तोच रेणू आणि तेच मूत्रपिंड. यादी बदलली की माणसाचं नाव बदलतं, हे मुलांना शिकवताना दर वर्षी माझाच आवाज जरा चढतो.

आणि झाकण्याच्या कामालाही हे औषध आता कुचकामी आहे. ते मिलिग्रॅमने नाही, अर्ध्या-एका ग्रॅमने घ्यावं लागतं. आजच्या मास स्पेक्ट्रोमीटरला एवढं औषध लपून राहणं शक्यच नाही. झाकणारंच आधी सापडतं. मग ते एखाद्या शरीरात कसं पोचलं, कुणी दिलं, काय सांगून दिलं, यातलं काहीही प्रयोगशाळेच्या अहवालात नसतं. अहवालात रेणूचं नाव असतं, बस्स.

संजीवनीची बंदी २ वर्षांची का, ४ ची का नाही, हेही लोक विचारतात. तेव्हाच्या जागतिक नियमावलीत यादीचे दोन भाग होते. प्रोबेनेसिडसारखं औषध दुसऱ्या कारणानेही शरीरात येऊ शकतं, म्हणून तिथे खेळाडूने मुद्दाम घेतलं हे यंत्रणेने सिद्ध करायचं. ते झालं नाही तर शिक्षा २ वर्षं. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडचं उलटं: मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूने सिद्ध करायचं, नाहीतर ४ वर्षं.

या उलट बाजूला आपला नरसिंग यादव सापडला. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून रिओ ऑलिम्पिकची जागा देशाला मिळवून देणारा मल्ल. २५ जून २०१६ ला सोनीपतच्या सराव केंद्रात घेतलेल्या नमुन्यात मेथँडिएनोन हे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड सापडलं. खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं, असं त्याचं म्हणणं. १ ऑगस्टला आपल्या ‘नाडा’ने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, ते मान्य केलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, म्हणजे त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने ४ वर्षांची बंदी घातली. लवादापुढे आलेलं तज्ज्ञांचं मत असं होतं की सापडलेलं प्रमाण पाण्यात मिसळलेल्या पावडरीपेक्षा तोंडाने घेतलेल्या एक-दोन गोळ्यांशी जुळतं.

माझ्या ओळखीतले कितीतरी कुस्तीप्रेमी अजून म्हणतात की पोराचा घात झाला. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण गोळ्याच असाव्यात, हे तज्ज्ञांचं मत मला पटतं, कारण हे द्रव्य पाण्यात नीट विरघळतच नाही. गोळी होती एवढं त्यातून कळतं. ती कुणाच्या हातून आली, हे मात्र लघवीतलं प्रमाण सांगू शकत नाही, आणि लवादाला ते विचारायचंही नव्हतं. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, हा नियमाचा पाया आहे. नियम कठोर आहे आणि माझ्या मते तो तसाच हवा. एकदा ‘मला ठाऊक नव्हतं’ हे उत्तर पुरेसं मानलं, की उद्या प्रत्येक जण तेच म्हणेल. क्रिकेटपटू पृथ्वी शॉला २०१९ मध्ये ८ महिन्यांची बंदी झाली ती खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिनमुळे. तिथेही क्रिकेट मंडळाने त्याचा खुलासा मानला, पण बंदी घातलीच.

मला खुपतं ते वेगळं. बाटली एकटा खेळाडू भरतो. समोर अधिकारी उभा असतो, नमुना दोन बाटल्यांत ओतला जातो, झाकणं लागतात, क्रमांक पडतात. ज्याने स्ट्रिप कापली त्याची लघवी कुणी घेत नाही. नियमावलीत पुरवठादारालाही, प्रशिक्षकालाही शिक्षा आहे, पण त्यांच्याविरुद्धचा पुरावा बाटलीत नसतो. तो शोधायला घरोघर, दुकानोदुकानी जावं लागतं. जागतिक संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत भारतातल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१४ नमुन्यांत बंदी असलेलं द्रव्य सापडलं. ५ हजारांहून जास्त तपासण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यांत जास्त. हे आकडे छापून आले की सगळे खेळाडूंकडे बोट दाखवतात. त्या २१४ नमुन्यांमागे हातात गोळ्या ठेवणारे किती, हा आकडा कुणीच मोजत नाही.

म्हणून मला रॉड्रिगेझचं प्रकरण महत्त्वाचं वाटतं. ६९६ होमरन मारलेला हा खेळाडू १२ ऑगस्ट २०१६ ला शेवटचा सामना खेळला. तिकडे रिओत नरसिंगचा निकाल लागायला सहा दिवस उरले होते. २००९ मध्ये रॉड्रिगेझने जुन्या काळात उत्तेजकं घेतल्याचं स्वतः कबूल केलं होतं. २०१४ चा पूर्ण हंगाम मात्र तो लघवीच्या तपासणीमुळे बाहेर बसला नाही. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकच्या नोंदींच्या वह्या बाहेर आल्या आणि त्यांत त्याचं नाव निघालं. ते क्लिनिक चालवणारा अँथनी बॉश डॉक्टर नव्हता. त्याला न्यायालयाने ४ वर्षं तुरुंगवास सुनावला. रॉड्रिगेझचे चाहते त्या ६९६ चं काय करायचं यावर आजही वाद घालतात. मला त्या वह्यांचं महत्त्व जास्त वाटतं. वह्या उघडल्या म्हणून देणारा सापडला.

संजीवनी बंदी संपल्यावर पुन्हा धावायला लागली, राष्ट्रीय पातळीवर पुन्हा पदकं मिळवू लागली. तिच्या नावाचा विषय निघाला की लोक अजून तो एक शब्द काढतात, आणि तोही चुकीचा.

त्या रविवारी मी मुलाला एवढंच म्हणाले, “दिसतं. आणि मी नाव न वाचलेली गोळी तू तोंडात घालायची नाहीस.” कुणी दिली, हेही विचारलं. तो खाली बघत राहिला. वडील आत आल्यावर मी चूर्ण आणि कॅप्सूल बंद करायला सांगितल्या, आणि स्ट्रिप माझ्याकडे ठेवून घेतली. वडिलांसमोर तो प्रश्न पुन्हा काढायला हवा होता, असं आता वाटतं. पोराला त्यांच्यासमोर उघडं पाडायला मन झालं नाही.

ऑगस्टमध्ये वडिलांचा फोन आला. पोराची वेळ तीन सेकंदांनी खाली आली होती, जिल्ह्यात पहिला आला होता. अठराव्या वर्षी, नीट सराव असेल तर, तीन सेकंद आपोआपही उतरतात. हे मला माहीत आहे आणि फोन कानाला असताना मी ते स्वतःला दोनदा सांगितलं.

“त्या गोळ्या परत आणल्या नाहीत ना?” मी विचारलं.

“त्या तर तुमच्यापाशीच राहिल्या ना मॅडम? पेढे घेऊन येतो रविवारी.”

मी ड्रॉवर उघडून पाहिला. स्ट्रिप तिथेच होती, चारही गोळ्या जागच्या जागी. म्हटलं, या, आणि येताना त्यालाही घेऊन या.