पट्टा पडला...

आमच्या इंदापूर-बारामती भागात उन्हाळा लागला की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पडला का रं पट्टा?" हॉस्टेलवरच्या लातूर-नांदेडच्या मित्रांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एकाला वाटलं, कुणाच्या तरी मशीनचा बेल्ट तुटला! पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणं. गव्हाणीत शेवटची मोळी गेली, मिल थांबली, की पट्टा पडला. ज्याचा ऊस गेला त्याला सुटल्यासारखं वाटतं. ज्याचा राहिला तो चेअरमनपासून चिटबॉयपर्यंत सगळ्यांना शिव्या घालतो. आणि कारखान्यात हंगामी कामाला असलेला माणूस? तो काहीच बोलत नाही. तो फक्त साहेबांच्या तोंडाकडं बघतो. हे मला माहीत आहे, कारण एक हंगाम मी पण तसाच बघत उभा होतो.

गोष्ट २०२४ सालची. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला माझा एक विषय राहिला. एकच, पण तेवढा पुरतो! बरोबरची पोरं डायरेक्ट सेकंड इयरला गेली. ग्रुपवर त्यांच्या हॉस्टेलच्या रूमचे फोटो यायला लागले आणि मी निमगाव केतकीच्या अलीकडं आमच्या वस्तीवर म्हशीचं शेण काढत होतो. आबा काही बोलले नाहीत. दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. दिवाळी झाल्यावर भावकीतल्या एका चुलत्यांनी निरोप आणला, कारखान्याच्या साखर गोडाऊनला ठेकेदार पोरं घेतोय. तेव्हा आबांनी तोंड उघडलं, "जा. चिकटलास तर बरंच हाय."

'चिकटणं' हा आमच्याकडचा फार मोठा शब्द आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा... दोन तालुक्यांत एवढे सहकारी कारखाने. घरातला एक जण जरी त्यातल्या कुठं 'परमनंट' असला तरी त्या घरातल्या लग्नाची बोलणी वेगळ्या आवाजात होतात. त्याच्या खालची पायरी हंगामी कायम कामगारांची. त्यांना बंद काळातही रिटेन्शन अलाऊन्स म्हणून पगाराचा काही हिस्सा मिळतो आणि नवा हंगाम लागला की बोलावणं येतं. सगळ्यात खालची पायरी ठेकेदाराच्या हजेरीवरची. तिथं रिटेन्शन नाही आणि बोलावणंही नाही. पट्टा पडला की रामराम! मी त्या पायरीवर उभा होतो आणि वर बघत होतो.

राज्यातला २०२४-२५ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू झाला. विधानसभेच्या मतदानाची गडबड चालू असतानाच मोळी पडली. पाळ्या पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार. पहिल्या दिवशी पहाटे साडेतीनला मी सायकल घेऊन निघालो तेव्हा रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले, पण गाणी मात्र चालू! पुढं कारखान्याच्या भिंतीला लागून तोडणी कामगारांच्या कोप्या, त्यातल्या बायांच्या चुली पेटलेल्या. बीडकडून आलेली ही माणसं. हंगामीतले हंगामी खरं तर तेच. पण त्या दिवशी मला फक्त माझंच पडलं होतं.

गोडाऊन म्हणजे काय चीज आहे ते आत गेल्यावरच कळतं. साधा हिशेब करा. एक टन उसातून दहा टक्के साखर निघाली तर शंभर किलो, म्हणजे पन्नास किलोची दोन पोती. दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना असेल तर रोजची दहा हजार पोती! ग्रेडरवरून साखर खाली येते, काट्यावर वजन होतं, शिलाई मशीन टाके घालतं आणि पोतं पट्ट्यावरून गोडाऊनमध्ये येतं. तिथं हमालांची टोळी त्याची थप्पी लावते. एस-३० ची थप्पी वेगळी, एम-३० ची वेगळी. दाणा लहान का मोठा, यावर ही नावं. नुकतं भरलेलं पोतं हाताला कोमट लागतं. फार गरम भरलं तर आत साखरेचा दगड होतो, म्हणून त्याच्यावरही लक्ष ठेवायचं. माझं काम पोती मोजायची, थप्पीचं कार्ड भरायचं आणि साहेबांना आकडा द्यायचा. टोळीनं पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं. "ए इंजिनियर, मोजतुयास का नुसतं बघतुयास?"

आठवड्याभरात माझ्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं. साखर तयार होते चार-पाच महिन्यांत, पण लोक चहा पितात बाराही महिने. शिवाय कोणत्या कारखान्यानं महिन्याला किती साखर विकायची ते जून २०१८ पासून केंद्र सरकार ठरवून देतं. म्हणजे सगळी साखर एकदम जाणारच नाही. मिल थांबेल, बॉयलर थांबेल, पण गोडाऊन थांबणार नाही. ट्रक येतच राहणार, पोती मोजावी लागणारच. मग मोजणारा माणूस लागणार की नाही? लागणारच. मग तो मी का नसावा?

त्या दिवसापासून मी ठेवून घेण्याजोगा माणूस व्हायला लागलो! कुणी सांगितलं नसताना डबल पाळी केली. गोडाऊन कीपर साहेबांच्या कॉम्प्युटरवर एक्सेलची शीट करून दिली. थप्पी नंबर टाकला की ग्रेड, तारीख, पोती सगळं समोर. साहेब खूष झाले. डिसेंबरमध्ये राहिलेल्या विषयाचा पेपर होता, तर रात्रपाळी करून सकाळी पेपर दिला, पण खाडा केला नाही. आई म्हणायची, "जेवून तरी जा." मी म्हणायचो, "उशीर झाला तर साहेबांच्या ध्यानात राहतं." त्या महिन्यांत मी साहेबांची चप्पल ओळखायला लागलो होतो, आता काय सांगू!

माझ्या पाळीला एक तात्या होते. वय पन्नासच्या पुढं, अंगानं किरकोळ, डोक्याला कायम उपरणं. तेही ठेकेदाराच्याच हजेरीवर. त्यांचा हा नववा हंगाम होता. पट्टा पडला की ते डाळिंबाच्या बागांत छाटणीला जायचे, पावसाळ्यात मिळेल ते काम करायचे आणि दिवाळीनंतर पुन्हा गेटवर येऊन उभे राहायचे. त्यांच्या खिशात एक बारकी वही असायची. मला वाटायचं उधारीची असेल. एकदा चहा पिताना त्यांनी ती दाखवली. प्रत्येक पानावर एक हंगाम. मोळी कधी पडली, आपण कामावर कधी लागलो, पट्टा कधी पडला आणि किती दिवस भरले. बास, एवढंच.

"कशाला लिहिताय तात्या?"

"आसू दे. कुणी इचारलं तर सांगाया."

नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

जानेवारीत माझी चांगलीच फजिती झाली. माझी शीट सांगत होती त्यापेक्षा एका थप्पीत चाळीस पोती कमी भरली. चाळीस पोती म्हणजे वीस क्विंटल साखर! घाम फुटला. चोरीचा आळ आला तर ठेवणं राहिलं बाजूला, घरी जायची पंचाईत. तात्या काही न बोलता थप्पीभोवती एक चक्कर मारून आले आणि हात वर करून म्हणाले, "त्यो मधला थर बघ. आडवा लावलाय. त्यात पोती कमी बसत्यात. तू सगळे थर सारखे धरलंस." मी खाली उभा राहून एका थराची पोती गुणिले थर असं करत होतो. तात्या थप्पी रचताना बघत होते. साहेबांना यातलं काही कळलं नाही. तात्यांनी सांगितलं नाही आणि मीही नाही. मी शीट गुपचूप दुरुस्त केली, आणि शाबासकी मात्र शीटलाच मिळत राहिली.

फेब्रुवारीत टपरीवर कुजबुज सुरू झाली. ऊस संपत आलाय. २०२३ ला पावसानं दगा दिला होता. त्या ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. पुढच्या उन्हाळ्यात उजनीचा साठा मायनसमध्ये होता. त्या वर्षी लागणीच कमी झाल्या, तर या हंगामाला ऊस येणार कुठून? राज्यात २०२३-२४ ला सुमारे ११० लाख टन साखर झाली होती, २०२४-२५ ला ती सुमारे ८० लाखांवर आली. पेपरात हा एक आकडा असतो. आमच्या गोडाऊनमध्ये त्याचा अर्थ होता, की एप्रिलपर्यंत धरलेले पगाराचे दिवस मार्च लागताच संपले. पट्टा पडला त्या दिवशी भोंगा नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजला. मग सगळं इतकं शांत झालं, की आपण इतके दिवस ओरडून बोलत होतो हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "बंद काळात गोडाऊनला एकच माणूस मिळतोय मला." थोडं थांबले. "तात्याला ठेवतोय. तुझं वय हाय अजून."

मी "बरं साहेब" म्हणालो आणि सायकल काढली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला तात्यांचा भयंकर राग आला. एक्सेल मी केली, डबल पाळ्या मी केल्या आणि ठेवलं कुणाला? धड माउस धरता न येणाऱ्या माणसाला! चाळीस पोत्यांची गोष्ट मी सोयीस्कर विसरलो होतो. तात्या गेटपर्यंत मागं आले होते. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मी थांबलो नाही. घरी आईला एवढंच म्हणालो, "न्हाई ठेवलं." ती म्हणाली, "हात-पाय धू."

पुढं विषय सुटला, डायरेक्ट सेकंड इयरला नंबर लागला आणि मी इथं हॉस्टेलवर आलो. एके दिवशी तासाला सरांनी बोलता बोलता एक खटला सांगितला. पंजाबातल्या मोरिंडा सहकारी साखर कारखान्याचा, सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा निकाल. हंगाम संपल्यावर हंगामी कामगाराचं काम थांबलं तर ती कामगार कपात नव्हे, असं कोर्टानं म्हटलं. पण त्याच निकालात कारखान्याला सांगितलं, की या कामगारांचं रजिस्टर ठेवा, नवा हंगाम लागला की त्यांच्या गावांच्या आसपास जाहीर करा आणि येतील त्यांना ज्येष्ठतेनुसार आणि कामाच्या गरजेनुसार घ्या. वर्गात निम्मी पोरं मोबाईलमध्ये होती. मला मात्र एकदम तात्यांची बारकी वही दिसली. ठेकेदाराच्या हजेरीवरच्या माणसाची ज्येष्ठता कुठल्या रजिस्टरात असणार? ती त्यांनी स्वतःच लिहून खिशात ठेवली होती. नऊ हंगाम. आणि मी एका हंगामाच्या जोरावर त्यांच्यावर रागावलो होतो.

तेव्हापासून 'ठेवतील का?' हा प्रश्न मला सगळीकडं ऐकू येतो. मेसमधला वाढपी सुट्टी लागायच्या आधी विचारतो, "जूनला येऊ ना?" तासिका तत्त्वावर शिकवणारे सर सेमिस्टर संपताना जरा जास्तच गप्प असतात. आपल्यातला कुणी इंटर्नशिपला गेला की रोज नऊपर्यंत थांबतो, कारण कुणाच्या तरी ध्यानात राहायचं असतं. मित्रांनो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त त्या रांगेत आपल्या पुढं कोण उभा आहे आणि किती वर्षं, एवढं एकदा बघून घ्यावं.

२०२५ च्या दिवाळीला घरी गेलो होतो. नवा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. मी मुद्दाम कारखान्याच्या गेटवर गेलो. बाराच्या भोंग्याला तात्या बाहेर आले. मला बघून हसले. राग माझ्याकडंच होता, त्यांच्याकडं काही नव्हतंच.

"ठेवलंय का तात्या अजून?"

"हाय आपला. सायेब हायेत तवर हाय." मग मला खालीवर बघून म्हणाले, "तुझं काय?"

"इंजिनियरिंगला हाय. दुसऱ्या वर्षाला. अजून दोन वर्षं राहतील."

"म्हंजे तू बी हंगामीच की अजून!"

आम्ही दोघंही हसलो. चहाचे पैसे मी देतो म्हणालो, तर त्यांनी देऊ दिले नाहीत. निघताना मी विचारलं, "वही हाय का?" त्यांनी वरचा खिसा थोपटला. दहावं पान सुरू झालं होतं.