ओठावरचा फोड आणि बारा दिवसांचे बाळ

पैनगंगेकाठच्या बेला-जैनद भागात काय किंवा आदिलाबाद शहरात काय, तापातून उठलेल्या माणसाच्या ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा पुंजका दिसला की घरचे म्हणतात, 'ताप फुटला.' कोणी पाल चाटली म्हणते, कोणी नागीण ठरवते. नागिणीचा विषाणू वेगळा. हा हर्पिस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार. तो तापाने येत नाही. बहुधा लहानपणीच कोणाच्या तरी लाळेतून शिरलेला असतो, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून राहतो आणि ताप, ऊन, जागरण असे निमित्त मिळाले की त्याच तंतूवरून ओठावर उतरतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ऊन हे मोठेच निमित्त आहे. शेतावर जाताना डोक्याबरोबर ओठही रुमालाने झाकावेत, असे मी म्हणतो ते यासाठी.

आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते, मग औषध कशाला, हा प्रश्न रास्त आहे. निरोगी माणसाला क्वचित उठणाऱ्या फोडाला औषध नसले तरी चालते. पण घ्यायचे तर वेळेवर घ्यावे. असायक्लोव्हिर विषाणूच्याच एका विकराकडून कामाला लागते आणि त्याच्या नव्या प्रती तयार होणे रोखते. ज्या संशोधनपरंपरेतून ते आले, तिच्या अध्वर्यू गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली नोबेल मिळाले. खपली धरली म्हणजे प्रती काढून झालेल्या असतात, तेव्हा मलम चोळून फारसे हाती लागत नाही. ओठ चुणचुणू लागला त्याच दिवशी सुरू केले तर एखादा दिवस वाचतो. वारंवार उठत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घेणे बरे. दडलेला विषाणू मात्र कोणत्याच औषधाने जात नाही. चुना आणि टूथपेस्ट त्वचा भाजतात. दुकानातून विचारून आणलेल्या मलमात स्टेरॉईड असले, तर विषाणूला मोकळे रान मिळते. हा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतील 64 टक्के लोकांत हा विषाणू आहे, आणि फोड नसतानाही तो लाळेतून पसरू शकतो. मग जपायचे कोणापासून? माझे उत्तर असे की प्रश्नच उलटा करावा: जपायचे कोणाला? फोड आलेल्या माणसाला वेगळे बसवण्याची, त्याच्याविषयी कुजबुजण्याची काहीच गरज नाही. ओला फोड सर्वांत संसर्गी, म्हणून तेवढे दिवस मुके, उष्टा पेला, टॉवेल टाळावा, हात धुवावेत आणि त्या हाताने डोळा चोळू नये. बुबुळावर गेलेला विषाणू दृष्टी घेऊ शकतो. इसब असलेली मुले आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांना जास्त जपावे. सर्वांत जास्त जपायचे ते पहिल्या सहा आठवड्यांच्या बाळाला. त्याला हा आजार क्वचित होतो, बहुतेकदा प्रसूतीच्या वेळीच लागतो. पण लागण झालेल्या दहांतील एखाद्या बाळाला जन्मानंतर, बहुधा जवळच्याच माणसाकडून लागतो, आणि अंगभर पसरून उपचार झाला नाही तर बहुतेक बाळे दगावतात.

आपले बारसे नेमके याच काळात, बाराव्या दिवशी येते. आईला फोड असेल तर तिने तोंडाला मास्क वा पदर बांधून, हात धुऊन अंगावर पाजावे. स्तनावर फोड नसेल तर दूध तोडू नये. आत्याच्या ओठावर फोड असेल तर बाळाच्या कानात नाव दुसऱ्या कोणी सांगावे. आणि एवढ्या लहान बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, मलूल पडले किंवा अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याला जिल्ह्याच्या रिम्स रुग्णालयात न्यावे.